कुंपणाजवळची मारेन

सॅनपीट खोरं, युटा
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय आर्डी,

नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकींना काही लिहायची आपली सवय राहिलेली नाही. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी खुर्चीत बसून घेतलं असशील. ऊठ. कुणी गेलेलं नाही. म्हणजे आपल्यातलं कुणी नाही.

मी ठीक आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो आणि मी त्याच्यावर कुरकुरते, घरात बोलायला दुसरं आहे कोण? बर्फ यंदा उशिरा आला आणि आता जायचं नाव घेत नाही. वारा फिरला की टर्कीच्या शेडांचा वास अजूनही थेट स्वयंपाकघरात येतो. पोर्टलंडला गेलीस ती निदान त्या वासातून तरी सुटलीस. थॉर्वाल मामा नव्वदीला टेकला, पण जीभ अजून विशीतली. परवा मला म्हणाला, "नेड्रे, तुझ्या बहिणीला सांग, कॉफी पिऊन माणूस नरकात जात असेल तर तिथे जागा मिळायची नाही, इतकी गर्दी असेल." आपल्या पंथात कॉफी वर्ज्य आणि तू पंथ सोडून ती प्यायला लागलीस, तेव्हापासून तुझी आठवण तो अशीच काढतो.

रविवारचा माझा वर्ग चालू आहे. प्रार्थनेनंतर म्हातारेकोतारे आपापले लॅपटॉप घेऊन येतात आणि मी त्यांना वंशवृक्ष कसा लावायचा ते शिकवते. तुझा आता या गोष्टींशी संबंध नाही, म्हणून थोडक्यात सांगते. वेबसाइटवर ज्याचं त्याचं झाड असतं, पण ते सगळ्यांना उघडं. तुझ्या झाडावरचा पणजोबा मला माझ्या झाडावर हवा असेल, तर बोटाच्या एका टिचकीसरशी उचलून आणता येतो. त्यामुळेच मी वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते, "पुरावा नाही तर फांदी नाही." इतकी वर्षं शाळेत पाढे घोकून घेतले, आता हे घोकून घेते.

ऑगस्टमधलं कुटुंबाचं संमेलन फार छान झालं. तुला बोलावणं पाठवलं होतं, तू आली नाहीस, असो. बागेतल्या मांडवाखाली सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून, किसलेल्या गाजरांची जेली आणि चीज-बटाटे. मांडवामागच्या भिंतीवर भिंतभर लांबीचा आपला वंशवृक्ष मी छापून लावला होता. या खेपेला एक नवी फांदी फुटली होती. आजीची धाकटी बहीण मारेन, जिच्याबद्दल आपल्याला कुणी कधी धड काही सांगितलं नाही, ती आयडाहोत जाऊन मोठी झाली, तिथेच तिने संसार केला, असं झाडावर मिळालं. तिची मुलगी विल्डा नव्वदीच्या पुढची, आणि नात जोलीन. दोघी ब्लॅकफूटहून गाडीने आल्या.

विल्डाची आई परक्या घरात वाढलेली होती. आपली माणसं कोण, ते तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, त्यामुळे विल्डाही जन्मभर बिनगोताचीच. ती चाकाच्या खुर्चीतून भिंतीपाशी गेली आणि मारेनच्या फोटोवर हात ठेवून म्हणाली, "कान माझेच आहेत बघा." मग सगळेच तिला मावशी म्हणायला लागले. दरवर्षी सगळ्यांत वडीलधाऱ्याच्या मांडीवर जी गोधडी घालतात, ती मामाने स्वतः काढून तिच्या मांडीवर घातली. जोलीन एकीकडे तोंड फिरवून रडत होती. तू हवी होतीस.

जानेवारीत विल्डा मावशी गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही.

बरं, तू मागे कधीतरी म्हणाली होतीस की मेल्यावर मला जाळा आणि राख समुद्रात टाका. अजूनही तसंच आहे का? सहज विचारते. आपल्या वयात माणसाने या गोष्टी ठरवून ठेवाव्यात.

मुलाला आणि नातीला आशीर्वाद.

तुझी,
नेड्रा


४ मार्च २०२४

प्रिय आर्डी,

दीपस्तंभाचं चित्र असलेलं तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं लिहिलीस. "सहज म्हणून तू कधी कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. माझ्या जागेचं काय केलंस?"

ते कार्ड मी फ्रिजवर लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. या घरात मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून बहुतेक.

तुझी जागा मी देऊन टाकली. बाबांनी आपल्या दोघींसाठी दफनभूमीत आईच्या जागेला लागून शेजारी शेजारी दोन जागा घेतल्या होत्या, तुला माहीत आहे. विल्डाची शेवटची इच्छा होती की आईच्या माणसांजवळ पुरावं. जोलीनने फोनवर विचारलं आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. दफनभूमीचं काम बघणाऱ्या डेल्मारने विचारलं, "आर्डिथला विचारलंत ना?" मी म्हटलं, "तिला जाळून घ्यायचंय." हे खोटं नव्हतं. पण तुला विचारलं होतं का, याचं ते उत्तरही नव्हतं. जमीन गोठलेली होती, मशीन आणून खणावी लागली. आता तिथे विल्डा आहे.

आता त्याहून वाईट सांगते. विल्डा आपली कुणीच नव्हती.

जोलीनने मला पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिने डझनभर झाडांचे पत्ते पाठवले होते. ओहायोतलं, अल्बर्टातलं, एक तर थेट डेन्मार्कमधलं. सगळी एकमुखाने सांगत होती की आपली मारेन आणि आयडाहोतली मारेन एकच. पाचामुखी परमेश्वर, इथे तर डझनभर मुखं होती. मी हरखून गेले. वर्गातही सांगितलं, बघा, शोधलं की सापडतं. आपल्या पंथाच्या मंदिरात जाऊन मारेनच्या वतीने उभीसुद्धा राहिले. तिला तिच्या आईवडिलांशी कायमचं जोडणारा विधी केला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या माझ्या.

संमेलनाच्या सकाळी तो वंशवृक्ष भिंतीवर लावताना मला वाटलं, प्रत्येक झाडाने हे कुठून घेतलं ते खाली बारीक अक्षरात छापावं. मग एकेक उघडत गेले. ओहायोने अल्बर्टाकडून घेतलं होतं, अल्बर्टाने डेन्मार्ककडून, आणि डेन्मार्कने माझ्याकडून. कधी काळी मीच मारेनच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, "कदाचित हीच पुढे आयडाहोत गेली असावी." नाव तेच, जन्माचं साल तेच, खोरं तेच. आपल्या मारेनच्या थडग्यावर दगड नव्हता. दगड नाही म्हणजे मेली नसेल, असं मी धरून चालले. ते वाक्य एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं आणि वाटेत "कदाचित" गळून पडलं. मग डझनभर लोक माझंच उष्टं माझ्याच ताटात वाढत होते आणि मी मिटक्या मारत खात होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

तरी मी स्वतःला म्हटलं, पुरावा नसला तरी खरं असू शकतं. तेवढ्यात मामा आला. भिंतीसमोर काठी टेकून उभा राहिला.

"ही मारेन कोण?"

"आजीची बहीण, मामा. आयडाहोतली."

"माझ्या आईला एकच बहीण होती मारेन. ती कुंपणाजवळ आहे."

मग त्याने सांगितलं. मे अखेरच्या स्मृतिदिनाला आजी सगळ्या थडग्यांवर पिओनीची फुलं ठेवायची, ते आपल्यालाही आठवतं. पण शेवटची एक बरणी ती दफनभूमीच्या पश्चिमेच्या कुंपणापाशी, नुसत्या गवतात ठेवायची. मामा लहान असताना त्याने विचारलं होतं, इथे कोण आहे? आजी म्हणाली होती, "माझी मारेन. घटसर्पाने गेली. लाकडाची फळी होती, ती कुजली." आजी तेव्हा चार वर्षांची होती. बाळाला पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून नेलं, ते तिने पाहिलं होतं.

"तुझ्या झाडाला सफरचंदं लागत नव्हती म्हणून तू दोऱ्याने बांधलीस होय?" मामा म्हणाला. "वर गेल्यावर दारात दोन मारेन उभ्या असतील, नेड्रे. एकीच्या जागी तू दुसरीला बसवलंस. तिथे तरी पुरावा बघत असतील की नाही?"

मी त्याचा दंड धरला. "मामा, आज नको. त्या येतायत. आज गप्प बस."

त्याने दंड सोडवून घेतला. त्यानंतर अर्ध्या तासाने विल्डाची खुर्ची मांडवात आली, आणि त्या माणसाने काही न बोलता आपली गोधडी तिच्या मांडीवर घातली. मला वाटलं, सुटले.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. लिहिलं ते सगळं खरंच होतं. पण मी कशी तिथे उभी होते, ते गाळलं. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत दर रविवारी जोलीनचा फोन यायचा, आई रोज तुमच्याबद्दल बोलते म्हणून. मी फोनवर मावशीची तब्येत विचारायची. खोटं बोलून जीभ झडत नाही, हे मला या वयात कळलं.

तू म्हणशील, चूक झाली, कबूल कर, मोकळी हो. चुकीची मला लाज नाही वाटत फारशी. चुकतात सगळेच. मला लाज वाटते ती त्या दिवशी मामाचा दंड धरला त्याची.

आणि आईची. हे इथे का आठवतं, माहीत नाही. आईला शेवटचे कपडे चढवायचे होते तेव्हा मी तुझ्या तोंडावर दार लावलं. मंदिराचे कपडे चढवायला पंथातल्याच बायका लागतात, नियम आहे तो, तुलाही ठाऊक होता. तू बाहेरच्या बाकावर बसून राहिलीस. नियम माझा नव्हता, पण दार मी लावलं, आणि जरा जोरात लावलं. तुला तुझ्या आईजवळ जाऊ दिलं नाही, आणि एका परक्या बाईला तिच्या शेजारी जागा दिली. हे एका वाक्यात लिहून बघितल्याशिवाय मला दिसलं नव्हतं.

जागेबद्दल जे बोलायचं असेल ते बोल. मी सगळं सांगितलं.

नेड्रा


१० मे २०२४

प्रिय आर्डी,

तुझं दुसरं कार्ड. पुन्हा दीपस्तंभ. गठ्ठ्याने आणून ठेवलीस की काय?

"जागेचं नंतर बघू," तू लिहिलंस. "लहानपणी आईच्या फुलदाणीचा कान तुटला, हे तू रडत कबूल करायचीस, म्हणजे तुकडे झालेली बशी कुणी शोधायला नको. बशी कुठे आहे?"

बशी सांगते. पण आधी माझं एक ऐक. मी ती एप्रिलअखेरच्या सोमवारी ब्लॅकफूटला जाऊन जोलीनला आधी सांगितली, मग तुला लिहायला बसले. निदान क्रम तरी बरोबर ठेवला.

आई गेली त्याच वर्षीच्या शरदात मी तिची खोकी आवरत होते. तुझा एक फोटो सापडला. नऊ वर्षांची असशील. पूर्वजांच्या आगमनाच्या, चोवीस जुलैच्या मिरवणुकीत तू पणजीची टोपी आणि लांब झगा घालून गाडीवर बसली होतीस. नंतर जत्रेतल्या फोटोवाल्याने तसाच जुन्या तपकिरी रंगात फोटो काढून दिला. टोपी मागे सरकून कान बाहेर आले होते आणि नाडी हनुवटीला काचत होती, म्हणून तू कपाळाला आठी घातलीस. आठवतो?

झाडावर जिवंत माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही. तुझ्या नावाचा चौकोन मला एकटीला दिसतो, बाकीच्यांना तिथे काहीच नसतं. माझी फांदी तर माझ्यापाशीच संपते. मला तुझा चेहरा तिथे कुठेतरी हवा होता. तू माझ्याशी बोलत नव्हतीस. मारेनचा चौकोन रिकामा होता. मी तुझा फोटो तिच्यावर लावला. एका संध्याकाळपुरता, म्हणाले. तिने तरी कुणाचा तरी चेहरा घ्यावा, आपल्याच घरातला. उद्या काढू म्हटलं आणि काढला नाही. मग बघायची सवय झाली. सकाळी लॅपटॉप उघडला की तू आठी घालून माझ्याकडे बघायचीस.

चेहऱ्याच्या चौकोनाकडे लोक आधी वळतात. मारेन गेली झाडाझाडांवर, आणि तिच्याबरोबर तू गेलीस. ओहायोत, अल्बर्टात, डेन्मार्कमध्ये. सगळीकडे तू मेलेली आहेस, आर्डी, आयडाहोत, पाच मुलांची आई होऊन.

विल्डाने कान माझे म्हटलं ते तुझ्या कानांना. जोलीन म्हणाली होती, आई, एवढी खात्री करायची तर थुंकीची तपासणी करून घेऊ, हल्ली नळीत थुंकलं की गोत कळतं. तर विल्डा म्हणाली, "थुंकायचं कशाला? फोटो आहे की." तिने तो मोठा करून घेतला, पलंगाजवळ ठेवला. शेवटी तिच्या हातात तोच होता. त्याच्यासकट पुरलं तिला.

मामाने त्या दिवशी भिंतीपाशी आणखी एक वाक्य म्हटलं होतं. मागच्या पत्रात मी ते गिळलं. फोटोजवळ नाक नेऊन तो म्हणाला होता, "शंभर वर्षांपूर्वीच्या पोरीच्या मनगटावर घड्याळ? आणि ते पण प्लास्टिकच्या पट्ट्याचं?" तुझं वाढदिवसाचं लाल घड्याळ. बाही खाली ओढायला सांगितली होती आईने, तू ओढली नव्हतीस. शंभरेक माणसं त्या दिवशी त्या फोटोसमोरून गेली. कुणाला घड्याळ दिसलं नाही. मला तर माहीतच होतं, आणि मलाही दिसेनासं झालं होतं.

मी अजूनही गप्प बसले असते, हेही लिहून टाकते. पण एप्रिलमध्ये जोलीनचा फोन आला की दगड तयार होतोय, स्मृतिदिनाला बसवायचा. विल्डाच्या नावाखाली, मारेनची मुलगी, आणि आपल्या पणजोबा-पणजीची नावं. वर अंडाकृती चिनीमातीवर मारेनचा फोटो भाजून लावायचा. कारागिराने दगडात खळगा कोरूनही ठेवला होता. तुझ्या स्वतःच्या जागेवर, आर्डी, तुझाच फोटो, दुसऱ्याच बाईच्या नावाने. दगड म्हटला की पुढची दोनशे वर्षं पुरावा. माझ्यासारखीच कुणी तरी येऊन त्याचा फोटो काढील आणि म्हणेल, आता तर शंकाच नको.

म्हणून गेले. रस्ताभर बोलायचं काय ते पाठ करत गेले आणि दारात विसरले. जोलीनने बिस्किटं भाजली होती. पियानोवर तू होतीस, चौकटीत.

मी म्हटलं, "जोलीन, त्या फोटोतलं मनगट बघ."

तिने चौकट खाली घेतली, खिडकीपाशी नेली. आधी हसली. "अगं बाई, घड्याळ आहे की." मग हसू थांबलं. "ही कोण?"

"माझी बहीण."

"मग माझी आजी?"

"ती कोणाची ते मला माहीत नाही. आमची नाही. आमची मारेन तान्हेपणीच गेली."

ती बसली. चौकटीची मागची खिळी उघडत बंद करत होती. मग विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, हेही लिहिते. म्हटलं, "संमेलनाच्या सकाळपासून."

"म्हणजे आईला गोधडी घातली तेव्हा."

"त्याच्या आधीपासून."

"चूक झाली ते मी समजू शकते. मीही उचलाउचलीच केली, मीही कुठे पुरावा मागितला?" तिचा आवाज चढला नाही. "पण तू आमच्याकडे बघत उभी होतीस. आई रडत होती आणि तू ताटं वाढत होतीस. काय बघत होतीस ग तू?"

वर्षानुवर्षं मी पोरांना विचारत आले, उत्तर का येत नाही, उभी राहा. तशी उभी राहिले.

मी म्हटलं, "तुमची इच्छा असेल तर विल्डाला ब्लॅकफूटला आणायची व्यवस्था मी करते."

"आईला उकरून काढू?" ती म्हणाली. "ती तिथे आनंदाने गेलीय. खोट्या आनंदाने का होईना. राहू दे तिला. पण ती जागा जिची आहे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. तुझ्या तोंडून मला आता काही ऐकायचं नाही. तुझी बहीण जिवंत आहे ना?"

"आहे."

"झाडावर तर मेलीय," जोलीन म्हणाली, आणि तुझा फोटो चौकटीतून काढून माझ्या हातात दिला. बिस्किटं तशीच राहिली.

दगडावरून आपल्या पणजोबा-पणजीची नावं काढली. कोरली नव्हती अजून, नशीब. नुसतं विल्डा आणि मारेनची मुलगी एवढं राहील. खळग्याचं काय करायचं, कारागिराने विचारलं. मी जोलीनला सुचवलं की विल्डाचाच एखादा छान फोटो लावू. ती म्हणाली, "नको. रिकामा राहू दे. आजी सापडली तर लावू." तिने आता स्वतःची थुंकी पाठवलीय. काय निघेल ते निघेल. मला रिकामं काही बघवत नाही, म्हणून तर हे सगळं झालं. ती बघू शकते.

माझ्या झाडावर मी मारेनला तिचं मरण परत दिलं. तुझा फोटो काढला. मंदिरातही जाऊन सांगून आले. तिथल्या बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, वर सगळं नीट लावून घेतात. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "वरच्यांना आणखी काम." डझनभर झाडांच्या मालकांनाही लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं. अल्बर्टावाल्याने दुरुस्ती केली. ओहायोतल्या गृहस्थांनी लिहिलंय, "बाई, तुमचाच गैरसमज झालेला दिसतो. इतकी झाडं सांगतायत." रविवारी वर्गात ते पत्र वाचून दाखवलं आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एकजण मात्र उठून फळ्यावरचं माझं वाक्य पुसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी म्हटलं, पूस.

आता तुझं.

स्मृतिदिन सत्तावीस तारखेला आहे. जोलीन येणार आहे. तू यावंस, असं मी म्हणत नाही, माझा तेवढा अधिकार उरलेला नाही. ती म्हणते. तिला एकदा त्या फोटोतल्या मुलीला जिवंत बघायचं आहे. तुझा जो काही निर्णय असेल, राहू दे म्हण नाहीतर हलवा म्हण, तो तूच तिला सांग. फोनवर सांगितलास तरी चालेल, नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. फोटो सोबत पाठवते. तो तुझा आहे.

आणि डेल्मारकडे जाऊन माझी जागा तुझ्या नावावर केली. यावेळी त्याने विचारलं, "आर्डिथला विचारलंत ना?" मी म्हटलं, "नाही. तिला हवी असेल तर घेईल, नाहीतर रिकामी राहील." तुला समुद्रातच जायचं असेल तर जा. पण आईच्या बाजूला तुझ्या नावाची जागा असेल, आणि यावेळी दार कुणी लावणार नाही.

मी कुंपणाजवळ जाईन. तिथे एकाची जागा आहे, डेल्मारने दाखवली. मारेनला एवढी वर्षं मी उगाच आयडाहोत हिंडवलं, तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं. यंदा पिओनीची शेवटची बरणी मी तिथे ठेवीन. मामा म्हणतो, जागा तो बरोबर दाखवेल. मी त्याला म्हटलं, दाखव, मग मी बरणी ठेवते, आणि तिथे कुठेही नाव लिहिणार नाही, रिकामं गवत रिकामंच राहू दे.

तू आलीस तर घरी ये. कॉफी आणून ठेवली आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून नाही, ओट्यावर.

तुझी बहीण. एवढं एक नातं माझ्याकडे कुणाच्या झाडावरून उचललेलं नाही.

नेड्रा